स्टेशिया सोडून कुठंही

झुत्फेनला रुलीनच्या दारात पोचेपर्यंत योरीनने आपलं गणित तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं: क्युरासाओ. अट एवढीच की मतदानाचा क्रम तिने ठरवायला हवा. तो तीच ठरवणार होती, कारण यंदाची अध्यक्ष ती होती.

मंडळ तीस वर्षांचं झालं होतं. ग्रोनिंगेनला विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी, एकाच आठवड्यात विद्यार्थी संघटनेत दाखल झालेल्या नऊ मुलींनी ते काढलं. बुधवारी एकत्र जेवायचं आणि दर पाच वर्षांनी मोठी सहल करायची, एवढीच त्याची घटना. नवांतल्या पाच जणी लग्न, भांडण, ऑस्ट्रेलिया अशा निरनिराळ्या कारणांनी गळाल्या. उरल्या चौघी. पण चौघींतही एक अध्यक्ष असायची, विषयपत्रिका असायची, आणि अध्यक्षाने मत द्यायचं नाही हा नियमही पाळला जायचा.

यंदा कॅरिबियनमधलं बेट, इथपर्यंत एकमत होतं. कुठलं बेट, यावर तीन आठवडे फोनवर संदेशांचा मारा चालला होता, आणि त्या माऱ्यातून योरीनने प्रत्येकीची आवड टिपून ठेवली होती. ती वीस वर्षं कालव्यांच्या पाण्याचे नमुने तपासत होती. गढुळातून आकडा काढणं तिच्या हातचं काम होतं.

बाबेटला क्युरासाओ हवं होतं: वाळू, पोहण्याचा तलाव आणि खोलीत येणारी न्याहारी. ते नाही तर स्टेशिया. साबा मुळीच नको, कारण साबाच्या डोंगराला हजाराच्या वर पायऱ्या आहेत आणि वित्स्के आपल्याला त्या चढायला लावणार, हे ती ओळखून होती. वित्स्केला नेमक्या त्या पायऱ्याच हव्या होत्या. साबा नाही तर क्युरासाओ. स्टेशिया सगळ्यांत शेवटी, कारण तिथे तेलाच्या मोठमोठ्या टाक्या आहेत आणि वित्स्केने अर्धं आयुष्य असल्या टाक्यांसमोर फलक धरून उभं राहण्यात घालवलं होतं. रुलीनला स्टेशियाच हवं होतं. नाहीच जमलं तर साबा. क्युरासाओला तिचा दीर, शेजारी आणि दातांचा डॉक्टर दरवर्षी जातात, आणि दातांच्या डॉक्टरला चड्डीवर बघायची तिची तयारी नव्हती.

योरीनला स्टेशिया सोडून कुठंही चाललं असतं.

गंमत अशी होती की तिघींच्या आवडी गोल फिरत होत्या. क्युरासाओ आणि स्टेशिया समोरासमोर आले तर दोन विरुद्ध एक मतांनी क्युरासाओ जिंकणार. स्टेशिया आणि साबा आले तर स्टेशिया. साबा आणि क्युरासाओ आले तर साबा. म्हणजे जिंकणार होता तो क्रम. दोन बेटं आधी एकमेकांशी लढवायची, आणि जे शेवटी मैदानात उतरेल ते जिंकणार. योरीनने क्युरासाओला शेवटपर्यंत बाकावर बसवून ठेवायचं ठरवलं होतं.

स्टेशियाचं दुखणं सत्तावीस वर्षांचं होतं. तिसऱ्या वर्षी मंडळातली प्रत्येक मुलगी प्रशिक्षणासाठी परदेशी निघाली: बॉस्टन, केपटाऊन, सिंगापूर. योरीनला स्टेशियावर समुद्री कासवं मोजण्याचं काम मिळालं. निरोपाची जेवणं झाली, सगळ्यांनी मिळून तिला झाडाला बांधायचा झुला भेट दिला, रुलीन रडली. आणि निघायला अकरा दिवस उरले असताना प्राध्यापकांनी कळवलं की निधी मंजूर झालेला नाही. आता झुला परत कसा करायचा, हे योरीनला काही सुचेना. मग ती झीलंडमधल्या येर्सेकेला मामाकडे गेली आणि फेब्रुवारी ते जुलै त्याच्या शेडमध्ये काळे शिंपले निवडत बसली. स्टेशियाला खरोखरच निघालेल्या एका विद्यार्थ्याकडे तिने चार कार्डं लिहून दिली होती. त्याने तिकडची तिकिटं लावून ती महिन्याला एक अशी इमानेइतबारे टाकली.

परतल्यावर चार प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली, आणि मग सत्तावीस वर्षं देत राहावी लागली. त्या उत्तरांतून फिलोमिना नावाची प्रेमळ आणि शिवराळ घरमालकीण तयार झाली. घरात घुसून टोपीची कड खाणारी बकरी तयार झाली. पेला उचलायच्या आधी टेबलावर बोटांनी तीनदा ठोकायची स्टेशियाची जुनी रीतही तयार झाली, आणि ती मंडळाने उचलली. लग्नांत ठोकलं, बारशांना ठोकलं, बाबेटच्या वडिलांना पोचवून आल्यावर कॉफीपूर्वी ठोकलं. रुलीनची मुलं शाळेत दूध पिताना ठोकायची.

आता रुलीन म्हणत होती, स्टेशियालाच जाऊ, योरीन आपली वाटाड्या. तीन हजार वस्तीचं बेट ते. पहिल्याच खानावळीत चार बायका टेबलावर तीनदा ठोकणार आणि अख्खी खानावळ हात थांबवून त्यांच्याकडे बघणार. त्यानंतर रुलीन आपल्याकडे कशी बघेल, हे चित्र योरीनला तीन आठवडे सुखाने जेवू देत नव्हतं.

रुलीनने कॉफी दिली, प्रत्येकीच्या बशीत एकेक बिस्कीट ठेवलं आणि डबा बंद करून कपाटात टाकला.

"तीस वर्षं झाली गं," बाबेट म्हणाली. "आता तरी दुसरं बिस्कीट दे."

"दुसरं दुसऱ्या कॉफीबरोबर."

"आणि दुसरी कॉफी?"

"सभा संपल्यावर. अध्यक्षबाईंना विचार कधी संपते ते."

योरीनने चमच्याने कप वाजवला. "विषय पहिला, बेट. साबा आणि स्टेशिया दोन्ही चिमुकली, दोन्ही एकाच कोपऱ्यातली. आधी त्या दोघांतलं एक निवडू. मग छोटं की मोठं, ते बघू. तर्काला धरून आहे."

"तुझं सगळंच तर्काला धरून असतं," रुलीन म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते."

"तुला मत नाही याचं वाईट नाही ना वाटत?" वित्स्केने विचारलं. "तुझंच तर बेट आहे ते."

"अध्यक्षाने तटस्थ राहावं," योरीन म्हणाली, आणि आपला आवाज किती निर्मळ लागला याचं तिचं तिलाच कौतुक वाटलं.

पहिली फेरी ठरल्यासारखी झाली. साबासाठी वित्स्केचा एकटीचा हात वर गेला. स्टेशियासाठी रुलीन आणि, पायऱ्यांच्या धास्तीने, बाबेट. रुलीनने आनंदाने टेबलावर थाप मारली. दुसऱ्या फेरीत योरीनने क्युरासाओला उतरवलं. बाबेटचा हात तर तिचं बोलणं संपायच्या आतच वर होता. वित्स्केने रुलीनकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं आणि हात कानाच्या उंचीपर्यंत नेला.

"टाक्यांमुळे," ती म्हणाली. "राग मानू नकोस."

"क्युरासाओ, दोन विरुद्ध एक," योरीनने लिहून घेतलं. तिला हलकं वाटलं. "विषय दुसरा, तारखा."

रुलीन बशीतले बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत होती.

"नाही, नाही, ठीकच आहे," ती म्हणाली. "मतदान म्हणजे मतदान."

"पण मग रुलीनला काहीच मिळालं नाही," बाबेट म्हणाली.

योरीनची पेन्सिल थांबली. तिच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. तिने गणित मांडलं होतं ते जिंकणाऱ्यांचं, आणि ती राहत होती अशा देशात जिथे हरलेल्याला तसंच सोडून उठणं कुणाच्या जिवाला मानवत नाही. तिच्या स्वतःच्या गल्लीत जुनं झाड पाडायचं की ठेवायचं यावर मतदान झालं, आणि आता तिथे अर्धं झाड उभं आहे.

"क्युरासाओ आठ दिवस कशाला हवंय?" बाबेट म्हणाली. "मला पाच पुरेत. मग तीन दिवस स्टेशिया."

"तसं असेल तर मला एक दिवस साबा द्या," वित्स्के म्हणाली. "स्टेशियाहून बोट जाते. सकाळी जाऊ, संध्याकाळी परत येऊ."

"मी खाली बसेन हं. पायऱ्यांच्या तळाशी."

"बस. तुझी न्याहारी वर घेऊन जाते मी."

रुलीनचा चेहरा उजळला. "खरंच चालेल तुम्हाला? नऊ दिवस होतात. होऊ देत! योरीन, तीन दिवसांत सगळं दाखवशील ना? फिलोमिनाबाईंचं घर, कासवांचा किनारा, ती बकरीची गल्ली. तिथल्या लोकांना तू अजून आठवत असशील!"

योरीनने पेन्सिल खाली ठेवली. पाच मिनिटांपूर्वी स्टेशिया बाद झालं होतं. आता तिघींनी मिळून, अगदी प्रेमाने, ते परत आणून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं.

"मी स्टेशियाला कधी गेलेच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे अलीकडे," रुलीन म्हणाली.

"म्हणजे कधीच. निधी मिळाला नव्हता. मी येर्सेकेला मामाच्या शेडमध्ये होते. सहा महिने."

वित्स्केच्या चेहऱ्यावर कोडं सुटल्यासारखा भाव आला.

"छोट्या विमानाचं आहे हे," ती म्हणाली. "बाबेटला छोट्या विमानात उलट्या होतात. ते टाळायला ही सगळं स्वतःवर घेतेय."

"अगं बाई!" बाबेटने योरीनचा दंड धरला. "किती गं मनाची मोठी! मी गोळी घेईन, तू नको काळजी करूस."

"मी खरं सांगतेय."

"तू खोटं बोललीस की तुझी मान लाल होते," रुलीन म्हणाली. "बघा, झालीय लाल. आणि मी स्वतः तुला स्खिपोल विमानतळावर घ्यायला आले होते."

"मी येर्सेकेजवळच्या गूसहून रेल्वेने आले होते. पेटी घेऊन गर्दीत मिसळले आणि तुला मागून हाक मारली."

"उन्हाने काळी पडली होतीस."

"मामाच्या होडीवर काम करून."

"आणि ते कार्ड?" असं म्हणून रुलीन उठली आणि सगळ्यांना घेऊन संडासाकडे निघाली. तिथे, डच घरांत असतं तसं, वाढदिवसांच्या कॅलेंडरखाली चौकटीत एक कार्ड टांगलेलं होतं. दारात तिघी दाटीवाटीने उभ्या राहिल्या. रुलीन चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचू लागली. "अँटिल्सचं, म्हणजे तिथल्या बेटांचं तिकीट. शिक्का. तारीख चौदा एप्रिल. आता तुझा पुरावा दाखव."

योरीनकडे पुरावा नव्हता. खोट्याला तिकीट होतं, शिक्का होता, विमानतळावरचा साक्षीदार होता. खऱ्याकडे तिची लाल मान तेवढी होती. आपण एखाद्या ठिकाणी नव्हतो हे थेट सिद्ध करता येत नाही. त्याच वेळी दुसरीकडे होतो, हे दाखवावं लागतं. आणि ते सांगू शकेल असं जिवंत माणूस जगात एकच उरलं होतं.

ती टेबलाशी परत आली, फोन मधोमध ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला. क्राइन मामा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि फोनवर अजूनही वाऱ्यात उभं राहून बोलल्यासारखा ओरडायचा.

"मामा, योरीन बोलतेय. एकच विचारायचंय. नव्व्याण्णव साली, फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, मी कुठे होते?"

पलीकडे पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला.

"कोण विचारतंय?"

"माझ्या मैत्रिणी. इथेच बसल्यात. सांग त्यांना."

"अँटिल्सला होतीस की," मामा ठणकावून म्हणाला. "कासवं मोजायला. झीलंडात पाऊल नाही टाकलंस त्या वर्षी. आम्ही तर तोंडही नाही पाहिलं तुझं."

"मामा!"

"बरं, ठेवतो. पातेलं आहे चुलीवर." फोन बंद झाला.

रुलीनने दोन्ही हात पसरले. बाबेट हसता हसता खोकू लागली. "बिचारा म्हातारा! त्याला यात ओढायची काय गरज होती?" वित्स्के म्हणाली. योरीन फोनकडे टक लावून बसली. जुलैत येर्सेके सोडताना तिने मामाला बजावलं होतं, कुणी विचारलं तर असं असं सांगायचं. हा शब्द परत घ्यायला ती विसरली होती, आणि मामाने तो पाळला होता.

दोन मिनिटांनी फोन वाजला. योरीनने हात पुढे करायच्या आत बाबेटने बटण दाबलं.

"पोरी," मामा आता दबक्या आवाजात बोलत होता, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतपत. "बरोबर बोललो ना मी? सत्तावीस वर्षं तयारीत होतो, कुणी विचारलंच नाही बघ. म्हटलं, मी मरायच्या आधी कुणीतरी विचारा! तुझी यिकेमीन मामी असती तर हसून गडबडा लोळली असती. आणि ऐक, तुझे गमबूट अजून शेडमध्ये आहेत. अडतीस नंबरचे. टाकू का?"

तिघी फोनवरून नजर उचलून योरीनकडे बघू लागल्या.

"पोरी? एकटीच आहेस ना?"

"सगळ्या आहोत, मामा," बाबेट म्हणाली.

मामा विचारात पडला. मग पुन्हा ठणकावून म्हणाला, "ती कासवांवर होती!" आणि त्याने फोन ठेवून दिला.

आधी वित्स्के हसली. ती हसली की डोकं टेबलावर टेकवायची, तसं तिने टेकवलं. बाबेटही तिच्यात सामील झाली. रुलीन हसली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. योरीन खुर्चीच्या कडेवर बसून राहिली.

रुलीन परत आली ती ओले हात तसेच धरून. "झुल्यासाठी?" तिने विचारलं.

"झुल्यासाठी. आणि तू रडली होतीस म्हणून."

"मूर्ख आहेस तू. त्या वयात मी बस चुकली तरी रडायचे. आणि तो झुला मी निवडलासुद्धा नव्हता. बाबेटने आणला होता, घाणेरड्या रंगाचा."

"नारिंगी होता," बाबेट म्हणाली. "नारिंगीत काय घाणेरडं?"

"बकरी?" रुलीनने विचारलं.

"बकरी खरी. मामाची."

"टेबलावर ठोकणं?"

"शिंपला उघडा दिसला तर टेबलावर ठोकून बघतात. मिटला तर जिवंत, नाही तर फेकायचा. मामा गमतीने बिअरच्या आधीही ठोकायचा."

वित्स्केने डोकं वर केलं. "म्हणजे माझ्या लग्नात दोनशे माणसांनी आपण जिवंत आहोत का ते तपासून घेतलं?"

"एका अर्थी."

"त्यातला एक तर तपासायलाच हवा होता. पुढे त्याच्याशीच घटस्फोट घ्यावा लागला."

रुलीनने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ती पुढचं विचारायला घाबरतेय, हे योरीनला दिसलं. "फिलोमिना," शेवटी ती म्हणाली.

"यिकेमीन मामी. तशीच होती. तसंच बोलायची, तशाच शिव्या द्यायची. नाव तेवढं बदललं."

"पंधरा वर्षांपूर्वी तू फोन करून सांगितलंस, फिलोमिनाबाई गेल्या. इतकी रडत होतीस. मी फुलं पाठवली तुला. मनात म्हटलं, घरमालकिणीसाठी कुणी इतकं रडतं का."

"मामी त्या दिवशीच गेली होती. मला कुणाला तरी सांगायचं होतं. ती फुलं मी येर्सेकेला नेऊन तिच्यावर ठेवली."

रुलीनने हात पुसले, आधी एक, मग दुसरा. "म्हणजे मी तुझ्या मामीला इतकी वर्षं ओळखते," ती म्हणाली, "आणि तू मला एकदाही तिच्याकडे नेलं नाहीस. येर्सेके इथून अडीच तासांवर आहे. याचा राग आहे मला. कासवांचा नाही. हा राग पुढचे काही महिने राहील, तुला माहीत असावं म्हणून सांगते."

"राहू दे," योरीन म्हणाली.

"आणि मी स्टेशियालाच जाणार. डोक्यात घेऊन फिरतेय मी ते बेट. मी खचले होते त्या वर्षी तू रात्री फोनवर त्याच्याच गोष्टी सांगायचीस. आता मला बघायचंय ते प्रत्यक्षात कसं आहे. आठ दिवस, नुसतं स्टेशिया."

"मी टाक्यांकडे पाठ करून बसेन," वित्स्के म्हणाली. "आणि तिथे एक ज्वालामुखी आहे म्हणे चढायला."

"मी गोळी घेईन," बाबेट म्हणाली.

"माझं मत विचाराल तर..." योरीनने सुरुवात केली.

"अध्यक्षाला मत नसतं," रुलीन म्हणाली आणि तिच्यासमोरची वही ओढून घेऊन स्वतःच निर्णय लिहू लागली. लिहिता लिहिता, वर न बघता, तिने विचारलं, "विमानतळावरून गावात कसं जायचं?"

योरीनने सवयीने तोंड उघडलं. एक मोटार, तिचा गाणारा चालक आणि त्याच्या तिन्ही बहिणी तिच्या जिभेवर तयार होत्या. तिने तोंड मिटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"वाळू काळी आहे म्हणाली होतीस. पायाला चटके बसतात का?"

"माहीत नाही."

"पाऊस केव्हा पडतो?" वित्स्केने विचारलं.

"मला काय माहीत?" योरीन म्हणाली. प्रयोगशाळेत ती हे रोज लिहायची, नमुना अपुरा, निष्कर्ष नाही, आणि घरी जाऊन निवांत झोपायची. या घरात मात्र ती हे आज पहिल्यांदा म्हणत होती. बाबेट पुढे झुकली आणि चौथा प्रश्न विचारायला तिने श्वास घेतला.

"तेही माहीत नाही," योरीन म्हणाली.